दिगू, हॉल उभा राहिला ती संध्याकाळ

दिगू,

काल तुझी शोकसभा झाली. दुबईत, ऊद मेथातल्या त्याच हॉलमध्ये. स्टेजवर तुझा फोटो होता. पासपोर्टचाच मोठा करून आणलेला, त्यामुळे त्यात तू व्हिसाच्या खिडकीसमोर उभा असल्यासारखा दिसत होतास. मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण केलं. ज्यांनी तुला कायम 'दिगंबरराव' म्हटलं आणि कायम पार्किंग बघायला उभं केलं, तेच. ते म्हणाले, "दिगंबररावांचं नाव काढलं की आपल्या सगळ्यांना ती एक संध्याकाळ आठवते. अख्खा हॉल उभा केला त्यांनी! लेडीज, मुलं, सीनियर लोक, सगळे नाचले!" लोकांनी माना डोलावल्या. शोकसभा आहे हे विसरून दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. आणि काय सांगू तुला, काय ती शांतता! कुणी खोकलं नाही, खुर्ची सरकली नाही, एक पोर रडलं नाही. तू जिवंत असताना या लोकांकडे एवढीच शांतता मागितली होतीस. ती त्यांनी तेव्हा दिली नाही आणि काल न मागता दिली. मला रडू यायला हवं होतं, पण मला नुसता राग येत होता. नंतर कुणीतरी मला "तुम्ही जवळचे मित्र, चार शब्द बोला ना" म्हणालं. मी नाही म्हटलं. माझे चार शब्द त्यांना झेपले नसते. ते मी तुलाच सांगतो, कारण तुला ते सगळे पाठ आहेत. पाच वर्षं तेच तर ऐकत होतास.

आपलं ढोल-ताशा पथक कसलं होतं ते आता आठवलं की हसू येतं. मंडळाचा गणपती हॉलमध्ये बसायचा आणि हॉलमध्येच उठायचा. रस्त्यावर मिरवणूक काढायची सोय नाही, त्यामुळे हॉलच्या दारापासून स्टेजपर्यंत जी काय चालायची तीच मिरवणूक. नीट हात गरम व्हायच्या आत संपायची. अर्धं पथक माझ्यासारखं, करामा आणि बर दुबईतल्या ऑफिसांमधून आलेलं, पोट सुटलेलं, ढोल कमरेला बांधला की धापा टाकणारं. अर्धं सोनापूरच्या मजुरांच्या कॅम्पातल्या पोरांचं. आणि मधे तू, साइट सुपरवायझर. आठवडाभर साइटवर त्या पोरांवर ओरडायचास आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्याच खोलीत बसून त्यांच्या हातचा चहा प्यायचास. ऑफिसवाल्यांना तू कॅम्पातला वाटायचास आणि कॅम्पातल्यांना ऑफिसातला. तुला दोन्हीकडचं चालायचं.

कॅम्पाच्या मागच्या मोकळ्या वाळूत आपली तालीम. हुसेनभाई आपल्या पिकअपमधून ढोल आणायचे. माणूस दापोलीचा, धंदा मासळीचा, त्यामुळे आपल्या ढोलांना बारा महिने सुरमईचा वास. "यल्ला, लवकर आटपा, मला जुम्म्याला जायचंय," म्हणून ते पिकअपमध्येच बसून राहायचे आणि स्टिअरिंगवर ठेका धरायचे. जुम्म्याची वेळ झाली की आपण थांबायचो. तोवर ऊन असं चढलेलं असायचं की टिपरू हातातून निसटायचं.

शांताराम माझ्या शेजारी उभा असायचा. शटरिंगचा सुतार, गुहागरकडचा. त्याचं वाजवणं काही फार थोर होतं असं मी म्हणणार नाही, मधेच लय पळवायचा आणि तुझ्या शिव्या खायचा. पण वाजवताना तो तोंड उघडं टाकून हसायचा, आणि ते बघून शेजारच्यालाही हसू यायचं. माझा ढोल त्याच्यामुळे कितीदा चुकला. तो तुझ्याच साइटवर वरून पडला. तू त्या दिवशी दुसऱ्या टॉवरवर होतास. खाली आलास तेव्हा सगळं झालेलं होतं आणि कंपनीचा माणूस सगळ्यांना कामावर परत जायला सांगत होता. त्याला विमानतळावरच्या कार्गोपर्यंत पोचवायला तू एकटाच गेलास, कारण पोरांना सुट्टी मिळाली नाही. परत आलास तेव्हा मी तुझ्या गाडीत बसलो. मग म्हणालास, "फळांच्या खोक्यांच्या शेजारी ठेवला रे त्याला. कोणी चार पावलं चाललं पण नाही त्याच्याबरोबर."

तिथून ते सगळं सुरू झालं. पुढच्या गणपतीला नेहमीचं वाजवायचं नाही, असं तू जाहीर केलंस. शांतारामची मिरवणूक वाजवायची. तीन भागांत. पहिला भाग म्हणजे कॅम्पातून साइटला नेणारी पहाटेची बस: ढोलाच्या पानावर हात लावायचा नाही, फक्त टिपरूने कडेवर, हलक्या हाताने, झोपेतल्या माणसासारखं. दुसरा भाग म्हणजे साइट: सगळे ढोल, पण प्रत्येकाचा ठोका वेगळ्या जागी, ऐकणाऱ्याला पाय टाकायला जागाच मिळू नये असा. नाचता येईल असं त्यात काहीही नव्हतं आणि ते तू मुद्दाम केलं होतंस. मग एकदम सगळं बंद. शांतता. तू काडी उचलेपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही. आणि तिसऱ्या भागात तुझा ताशा एकटा, आणि अगदी शेवटी आम्ही सगळे, हळू, चालत गेल्यासारखे.

आमच्यातले ऑफिसवाले कुरकुरले. "अरे, लोक गणपतीला येतात, असेंब्ली लाइन बघायला नाही," असं ते म्हणाले. कॅम्पातली पोरं मात्र तू सांगशील ते वाजवत गेली. कडेवरच्या टिपरूचा तो पहिला भाग जमायला किती शुक्रवार गेले! हलकं वाजवायची सवयच नव्हती कुणाला. आणि ज्या शुक्रवारी तो जमला, त्या दिवशी हुसेनभाईंनी पिकअपचं इंजिन बंद केलं. एसीसाठी ते चालू ठेवलेलं असायचं, ते बंद केलं आणि काच खाली करून ऐकत राहिले. मी अंगावर काटा म्हणजे काय ते त्या वाळूत अनुभवलं, दिगू. त्याबद्दल तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते कधी तोंडाने बोललो नाही.

तिसरा भाग तू कधी तालमीत वाजवला नाहीस. तिथे आलो की म्हणायचास, "इथे मी एकटा आहे. मी मान हलवली की तुम्ही या." आणि थेट मान हलवायचास, आम्ही थेट शेवट वाजवायचो. एकदा मी विचारलं तर म्हणालास, "तो एकदाच वाजवायचा आहे. रोज वाजवला तर शिळा होईल." मला ते फार मोठं वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी, कलावंत म्हणजे काय असतं बघ.

आपलं पहिलं भांडण त्या कार्यक्रमाच्या आधीच झालं. मी म्हणत होतो की सुरू करण्यापूर्वी माईकवरून दोन वाक्यं सांग. हे काय आहे, कुणासाठी आहे, मधे शांतता आहे ती ठेवा. तू ऐकायलाच तयार नव्हतास. "सांगून वाजवायचं तर वाजवायचं कशाला? सांगूनच टाकतो की." हे एक कारण. दुसरं कारण तू हळू आवाजात दिलंस: "समोर सगळे मॅनेजर बसतात. शांतारामचं नाव माईकवर घेतलं तर उद्या त्याच्या रूममधल्या पोरांना बोलावून विचारतील." ते मला पटलं. पण मी आजही म्हणतो, नाव न घेता सांगता आलं असतं. 'मधे थांबणार आहोत, तुम्हीही थांबा', एवढं तरी सांगायचं होतंस. तू हट्टाला पेटलास की तुझ्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

ती संध्याकाळ मी तुला परत सांगतो. काल जी सांगितली गेली ती नव्हे, जी झाली ती.

पुढच्या रांगांमध्ये कुटुंबं, पैठण्या, व्हिडिओ कॅमेरे. मागच्या रांगांमध्ये कॅम्पातली पोरं, इस्त्रीचे शर्ट घालून आलेली, बसून आणि भिंतीला टेकून. पडदा उघडला तेव्हा टाळ्या कडकडून झाल्या, शिट्ट्या झाल्या. लोकांना वाटलं आता धडामधूम. आणि आम्ही कडेवर टिपरू टेकवलं. पहिल्यांदा लोक कौतुकाने हसले. काहीतरी नवीन दिसतंय! मग हसू ओसरलं. मग कुजबूज सुरू झाली. मी अगदी पुढे डाव्या बाजूला होतो, मला एकेक शब्द ऐकू येत होता. "साउंड सिस्टीम बंद आहे का हो?" "वॉर्मअप करतायत वाटतं." एक लहान मुलगी आईला विचारत होती, "मम्मी, व्हेन विल दे स्टार्ट?" आणि आई तिला सांगत होती, "स्टार्ट झालंय गं, बस गप." व्हिडिओ काढणाऱ्या गृहस्थांनी कॅमेरा खाली ठेवला, टेप वाया जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या भागात ढोल सुरू झाले तेव्हा जरा जीव आला लोकांच्यात. टाळ्यांचा ठेका धरायला गेले तर ठेका सापडेना. एका बाजूची टाळी एकीकडे, दुसऱ्या बाजूची दुसरीकडे, आणि थोड्या वेळाने सगळ्यांनी लाजून हात मांडीवर ठेवले. दोन काका नाचायला म्हणून उठले होते ते तसेच उभ्या उभ्या घोटाळले आणि खाली बसले. कुणीतरी म्हणालं, "प्रॅक्टिस कमी पडलीय यांची." ज्या तालासाठी आम्ही ऊन खाल्लं तो त्यांना चुकलेला वाटत होता! माझं डोकं इतकं फिरलं की टिपरू त्या माणसाच्या दिशेने सुटलं नाही हे त्याचं नशीब. पण तू तिकडे बघतसुद्धा नव्हतास. तू आमच्याकडे बघत होतास, आणि मी तुला सांगतो, आम्ही तसं वाजवलं नव्हतं कधी. शांतारामच्या जागी तू कुणाला उभं केलं नव्हतंस. माझ्या शेजारी ती रिकामी जागा होती, आणि मला क्षणभर तो हसतोय असं वाटलं.

आणि मग सगळं थांबलं.

हॉल गप्प झाला. हो, झाला होता, दिगू. सुरुवातीला गोंधळून का होईना, पण सगळे गप्प बसले होते. ती मुलगीसुद्धा. एसीची घरघर ऐकू येत होती. तुझ्या दोन्ही हातांत काड्या होत्या, ताशा गळ्यात होता, आणि तू हॉलकडे तोंड करून खाली बघत होतास. मी वाट बघत होतो. जरा जास्तच वेळ लागतोय असं वाटलं, पण मनात म्हटलं, लागू दे, हाच तर तो भाग आहे.

तेवढ्यात हॉलच्या मागच्या बाजूने आवाज आला. "गणपती बाप्पा..."

अख्ख्या हॉलने उत्तर दिलं. ही हाक आली की उत्तर न देणं आपल्या रक्तात नाही. झोपेतून उठवून कुणी ती हाक दिली तरी आपण उत्तर देऊ. पुढच्या रांगांनी दिलं, मागच्यांनी दिलं, आणि स्टेजवर आम्हीही दिलं. ढोल बांधून उभे असलेले आम्ही सगळे "मोरया" म्हणून ओरडलो. ओरडलो तशी हातांनी आपोआप नेहमीचा ठोका धरला, तोच मिरवणुकीचा, पोराटोरांना येणारा. तूही ओरडलास. तुझ्या काड्या ताशावर पडल्या, आणि हॉल उभा राहिला.

त्यानंतर काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. बायका नाचल्या, काका नाचले, व्हिडिओ कॅमेरे वर आले. कुणीतरी देवासमोरच्या फुलांच्या पाकळ्या उधळल्या. अध्यक्ष दोन्ही हात वर करून नाचले. थांबलो की "वन्स मोअर", थांबलो की "वन्स मोअर". तुला शाल दिली, नारळ दिला. आणि जेवणाच्या रांगेत जो तो येऊन तुझी पाठ थोपटत होता. "सुरुवातीला जरा बोअर झालं हां, खरं सांगतो, पण नंतर काय धरलंत!" "तो सस्पेन्स मस्त होता, मुद्दाम लोकांना थांबवायचं आणि मग एकदम बार उडवायचा, व्हॉट अ प्लॅनिंग!" एका बाईंनी तर सांगितलं की असं वातावरण त्यांनी पुण्यातसुद्धा पाहिलं नाही. तू हातात पुरणपोळीची प्लेट घेऊन सगळ्यांना "थँक्यू, थँक्यू" म्हणत होतास. मी एका कोपऱ्यात दात-ओठ खात उभा होतो.

हाक कुणी दिली ते कळलं तेव्हा तर मी चाटच पडलो. मला वाटत होतं की कंटाळून मागे जाऊन उभा राहिलेला कुणी काका असणार. पण रघू निघाला. शांतारामचा रूममेट, त्याच्या वरच्या बंकवर झोपणारा. तो आपल्या दोघातिघा सोबत्यांना घेऊन तुझ्याकडे आला, आणि त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"भाऊ, हात अडकला व्हता ना तुमचा? मी लगेच वळखला. आमच्या गावाला पालखीत कुनाचा हात अडकला ना, तर आमी असाच आवाज देतो. तेवढ्यात वाजिवनारा सावरतो. कुनाला कळत पन नाय."

तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालास, "सांभाळलंस रे, रघू."

"मंग! आपल्या मानसाचा हसू नको व्हाया लोकांत."

आणि तू त्याला मिठी मारलीस. मी तिथून चालता झालो. कारण मी थांबलो असतो तर रघूला सांगितलं असतं की बाबा रे, ती शांतता तुझ्याच शांतारामची होती, आणि ती तूच मोडलीस.

परत येताना आपण हुसेनभाईंच्या पिकअपमध्ये पुढे बसलो होतो, तिघं दाटीवाटीने. एका सिग्नलला हुसेनभाई म्हणाले, "दिगूभाई, ते सगळं थांबलं ना, त्याच्यापुढं काय होतं?" त्या अख्ख्या संध्याकाळी तो एकच माणूस होता ज्याला पुढे काहीतरी होतं हे कळलं होतं. मला वाटलं, आता तरी तू बोलशील. तू म्हणालास, "खलास, हुसेनभाई. तेवढंच होतं." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिलास. मी इतका चिडलो की घर येईपर्यंत तुझ्याशी बोललो नाही.

मग पाच वर्षं मी तुला सोडलं नाही. आपल्या त्या कॅफेटेरियात कडक चहाचे किती कप झाले असतील त्या भांडणात. माझं म्हणणं एकच होतं: एकदा पूर्ण वाजव. हॉलमध्ये नको, वाळूत वाजव. लोक नकोत, आम्ही पुरे. रघूला समोर बसव, त्याला आधी सांग आणि मग वाजव. तू दर वेळी म्हणायचास, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." आणि दर गणपतीला मंडळ तुला "तो त्या वर्षीचा आयटम" वाजवायला सांगायचं. तू वाजवायचास! थोडं थांबायचास, मागून कुणीतरी हाक द्यायचं, हॉल ओरडायचा, आणि मग धमाल. तुझ्या शांतारामच्या शांततेचा त्यांनी आयटम केला आणि तू त्यांना करू दिलास. पहिल्या वर्षानंतर मी ढोल खाली ठेवला तो त्यामुळे. तू एकदाही 'परत ये' म्हणाला नाहीस, हेही माझ्या मनात आहे.

"तू त्या पोरांशी खोटं बोलतोस," मी तुला एकदा म्हटलं होतं. "रघूला वाटतं त्याने उपकार केले."

"केलेच," तू म्हणालास. "वाचवलं त्याने मला."

"कशापासून? दिगू, तुझं आयुष्यातलं एकमेव मोठं काम त्याने मातीत घातलं!"

"तुला नाही कळायचं ते. चहा घे, गार होतोय."

मला वाटायचं हा तुझा मोठेपणा. गरिबाचं मन मोडायचं नाही म्हणून तू स्वतःचं पोटात घालतोस. मला त्या मोठेपणाचा राग यायचा आणि मनातून कौतुकही वाटायचं. मी चार लोकांत सांगत फिरायचो की या माणसाने काय केलं होतं आणि या हॉलने त्याचं काय केलं. लोक सौजन्याने ऐकायचे आणि मग म्हणायचे, "हो, पण मजा आली होती राव."

तू गेल्यावर तुझे पेपर क्लिअर व्हायला चार-पाच दिवस लागले. मी रोज संध्याकाळी तुझ्या घरी जाऊन बसत होतो. मीनावहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत होत्या, जणू त्यांच्याकडे दुसऱ्याच कुणाचं तरी दुःख आलंय. तुझी लेक फोनवर मैत्रिणीला हळू आवाजात सांगत होती, "आय डोन्ट नो, वी आर गोइंग विथ हिम, सेम फ्लाइट." खाली कार्गोत तू आणि वर सीटवर त्या दोघी. परवा त्या निघाल्या. त्याच्या आदल्या दिवशी कुणी नव्हतं तेव्हा मी वहिनींना विचारलं. म्हटलं, वहिनी, तो एक भाग त्याने कधी घरी वाजवला होता का? निदान टेबलावर बोटांनी? आम्हाला त्याने कधी ऐकवलाच नाही.

वहिनी म्हणाल्या, "नाही हो, भावजी. तो कुठे होता?"

मला कळलंच नाही त्या काय म्हणतायत.

"रोज विचार करायचे. गाडीत, जेवताना. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ताट तसंच ठेवून उठले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, मीना, शांतारामचं काय वाजवायचं असतं गं? मी काय सांगणार? म्हटलं, तिथे उभे राहिलात की सुचेल. तर म्हणाले, हो, तिथे उभं राहिलं की सुचेल." मग त्या म्हणाल्या, "नंतर परत कधी विचारलं नाही मी. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

नाही माहीत, दिगू. मला काहीच माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी ती शांतता परत परत आठवतोय. जरा जास्तच वेळ लागतोय असं मला वाटलं होतं, ते खरंच होतं तर. तू खाली बघत होतास. काड्या हातात होत्या आणि त्या कुठे पडाव्यात ते तुला सुचत नव्हतं. समोर तो हॉल, मागे आम्ही, माझ्या शेजारी ती रिकामी जागा. आणि रघूची हाक आली तेव्हा तू मान वर केलीस. तुझा तो चेहरा मी पाहिला आहे, पुढे उभा असल्यामुळे आमच्यातल्या एकट्यानेच पाहिला आहे. इतकी वर्षं मी समजत आलो की तो माणूस कोसळल्याचा चेहरा होता. आता मला तसं म्हणवत नाही. तू "मोरया" आमच्या सगळ्यांच्या आधी म्हणाला होतास. पाण्याखालून वर आलेला माणूस श्वास घेतो तसा म्हणाला होतास. हात अडकलाय हे रघूने मागच्या भिंतीपासून ओळखलं, आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहून कलावंत बघत होतो.

मग मी पाच वर्षं कुणाशी भांडत होतो? सगळ्या हॉलला शिव्या घातल्या मी. आणि तू तिथे चहा ढवळत बसून ऐकून घेतलंस. एकदा म्हणायचं होतंस की बाबा, तिथे काही नव्हतं, मला नाही सुचलं. मी काय तुला कमी लेखलं असतं? की मी तुला एवढं मोठं करून ठेवलं होतं की तुला ते बोलताच येईना? मला याचा राग येतो, आणि आता तो कुणावर काढू तेही कळत नाही. त्या हॉलवर राग ठेवणं किती सोपं होतं. तू तेवढंसुद्धा माझ्याकडे राहू दिलं नाहीस.

मंडळाचा काल निरोप आला आहे. यंदा तुझ्या स्मरणार्थ 'तो आयटम' वाजवायचं ठरलंय, मी ढोल बांधावा अशी विनंती आहे. मी 'नाही' म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर मी म्हटलं, गुडघे दुखतात.

पण एक गोष्ट मी काल हॉलमधून घरी येताना स्वतःशी कबूल केली, ती तुला सांगतो आणि मग हे भांडण बंद करतो. समजा रघू त्या दिवशी नसता आला. समजा कुणीच हाक दिली नसती, आणि हॉल खरोखर गप्प राहिला असता, आणि तू तसाच उभा राहिला असतास, काड्या हातात, मान खाली. तुझ्याकडे काही नाही हे मला आधीपासून माहीत असतं, तर मी तुला तिथे तसं उभं राहू दिलं असतं का? शांततेचं मला काही पडलं नसतं, दिगू. त्या तीन भागांचंही नाही. रघूच्या आधी मी ओरडलो असतो.